गाडीतल्या वासाचा शोध : कामाच्या नोंदी

२ ऑगस्ट, शनिवार

दादाची नऊ वर्षांची गाडी माझ्याकडे येऊन दीड महिना झाला. इंजिन उत्तम, टायर नवे, फक्त आत वास. गुरुवारी आईला घेऊन निघाले तर अर्ध्या वाटेत तिला मळमळायला लागलं. गाडी बाजूला घ्यायला लावून ती उतरली आणि म्हणाली, "मी रिक्षाने येते, तू हो पुढे." हे मला लागलं. म्हणून हे काम आता नीट, पहिल्यापासून करायचं ठरवलं आणि रोज जे केलं ते लिहून ठेवायचं.

आजचं काम एकच : गाडीतले सगळे सुगंध बाहेर काढणे. आरशाला टांगलेला एक, एसीची हवा येते त्या जाळीला अडकवलेला एक आणि सीटखाली जेलची डबी. तिन्ही घट्ट पिशवीत बांधून घराबाहेर ठेवले. सुगंधाने वास जात नाही, दोन्ही एकत्र येऊन डोकं दुखतं, आणि मुख्य म्हणजे वास नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. मग गाडी रिकामी केली. डिकी, दारांचे कप्पे, सीटमागचे खिसे, सगळं. व्हॅक्यूम फिरवला. दिवसभर चारही दारं उघडी ठेवली, रात्री घट्ट बंद केली.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी ऊन चढायच्या आत दार उघडलं. शोधाची हीच वेळ चांगली. रात्रभर कोंडलेली हवा, आणि नाकही ताजं. नाकाचं एक लक्षात ठेवावं लागतं : एकच वास चार-पाच मिनिटं घेत राहिलं की ते त्याची दखल घेणं सोडतं. रोज गाडी चालवणाऱ्याला वास येत नाही तो यामुळेच. म्हणून नियम केला : तीनदा हुंगायचं, आकडा लिहायचा, दहा मिनिटं मोकळ्या हवेत जायचं, मग पुढची जागा.

कागदावर गाडीचा वरून दिसणारा आराखडा काढला आणि त्यात ११ जागा ठरवल्या. प्रत्येकीला ० ते ५ गुण. आईला माझा कागद न दाखवता तिच्याकडून वेगळा भरून घेतला. तिचं नाक घरात सगळ्यांत तिखट.

माझ्या कागदावर सगळीकडे एकच शब्द होता, "घाण". आई म्हणाली, "घाण म्हणजे काय गं? कसला वास ते लिही की." तिच्या कागदावर पुढच्या जाळ्यांपाशी "मातकट, कुबट" होतं. मागच्या डाव्या बाजूला "कुबट, आणि त्याच्या खाली आंबूस".

इथे मी थांबले, कारण पुढचं सगळं काम याच शब्दांवर अवलंबून आहे. कुबट म्हणजे ओल आणि बुरशी, तेव्हा पाणी शोधायचं. आंबूस किंवा खवट म्हणजे काहीतरी सांडून मुरलंय. गोडसर वास आणि काचेच्या आतून पुसूनही न जाणारा चिकट थर असेल, तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) झिरपतंय. ते विषारी असतं, वासाबरोबर गळतीही लगेच बघावी लागते. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो एक तर सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडून येतो, नाहीतर जास्त चार्ज होऊन तापलेल्या बॅटरीकडून. जळक्या प्लॅस्टिकचा वास म्हणजे वायरिंग. पेट्रोलचा किंवा धुराचा वास आत येत असेल तर नाकाचे प्रयोग करत बसायचं नाही, गाडी उभी करून मेकॅनिकला बोलवायचं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वासच नसतो. वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला, असं तिथे नाही.

आमच्याकडे यातले पहिले दोन आहेत. म्हणजे कारणंही बहुधा दोन.

४ ऑगस्ट, सोमवार

रात्री अर्धा तास एसीची तपासणी. ब्लोअर सुरू केल्याबरोबर मातकट भपकारा, मग दोन मिनिटांत कमी. एसी बंद करून नुसता पंखा ठेवला की पाच मिनिटांनी पुन्हा वर. बोनेटखाली वाकून पाहिलं, तर अर्धा तास एसी चालूनही जमीन कोरडी. हवा इतकी दमट असताना गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसायलाच हवं. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी एका छोट्या नळीने खाली पडतं. पडत नाही, म्हणजे आतच साठतंय.

९ ऑगस्ट, शनिवार

ग्लोव्हबॉक्स रिकामा करून दोन्ही बाजूंनी आत दाबला, तो खाली लोंबला. मागे केबिन फिल्टरची, म्हणजे आत येणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरची पट्टी. फिल्टर ओढताना हातात वाळक्या पानांचा चुरा आला. घड्यांमध्ये करड्या रंगाची लोकर भरल्यासारखी धूळ, आणि खालची कडा बोटाला गार, ओलसर. तो वर्षानुवर्षं बदललेला नसावा. हा फिल्टर साधारण वर्षातून एकदा किंवा १५,००० किलोमीटरला बदलायचा असतो, धुळीत फिरणाऱ्या गाडीला त्याआधी. नवा कोळशाच्या थराचा आणला. त्याच्या कडेवरचा बाण हवा ज्या दिशेने वाहते तिकडे ठेवायचा. उलटा बसला तरी बसतो, म्हणून लिहून ठेवते.

मग नळी. डाव्या पुढच्या चाकाच्या मागे, आगभिंतीतून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) डोकावणारं रबराचं छोटं टोक. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हळूहळू आत सारली. जोर लावायचा नाही, आत कॉइलचे नाजूक पत्रे असतात. एका जागी मऊ अडलं, दोरी गोल फिरवली, आणि जवळजवळ ग्लासभर काळपट, बुळबुळीत पाणी भळकन माझ्या मनगटावरून वाहिलं. पुढच्या जाळ्यांतला वास तो हाच, यात शंकाच नाही.

हा मातकट वास पहिल्या पावसात मातीतून येतो त्याच्याच जातीचा. जमिनीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हॅलिए यांनी १९६५ साली त्याला हे नाव दिलं. माणसाचं नाक त्याच्याबाबतीत कमालीचं तीव्र आहे, हवेच्या एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असले तरी ओळखतं. म्हणूनच एवढ्याशा नळीतल्या चिखलाने सगळी गाडी भरून जाते.

कॉइल साफ करायचा फेस फिल्टरच्या जागेतून लांब नळीने आत सोडला, वीस मिनिटं दारं उघडी ठेवून वाट पाहिली. फेस विरघळून खालच्या नळीतून गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. नवा फिल्टर त्यानंतरच बसवला, आधी बसवला असता तर तोही भिजला असता.

संध्याकाळचे गुण : पुढच्या जाळ्या ४ वरून १. मागचं डावं ३ होतं, ३ च आहे.

१० ऑगस्ट, रविवार

मेकॅनिककाकांना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, ओझोनचं मशीन लावून देतो, तासाभरात वास गायब." त्यांनी भल्यासाठीच सांगितलं, पण मी नको म्हटलं. ओझोन हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या वासाच्या रेणूंना जाळतो हे खरं. ओल्या फोमच्या पोटात तो पोचत नाही. ओल राहिली की आठवड्याभरात वास परत. शिवाय तो फुप्फुसांना घातक, आणि रबराला तडे पाडतो. कारण सापडून निघालं आणि तरीही काही उरलंच, तर शेवटी बघू.

१३ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पाऊस. मागचं डावं ३ वरून थेट ५. पाऊस आला की वास वाढतो, म्हणजे पाणी बाहेरून येतंय.

कार्पेटवर हात दाबून पाहिला, वरून कोरडं. पण कार्पेट वरवर कोरडं असणं म्हणजे काहीच नाही. त्याच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर जाड गादी असते, ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. टिश्यू पेपरच्या घड्या करून चारही दारांच्या उंबऱ्याच्या पट्टीखाली खोल सारल्या, अर्ध्या तासाने ओढल्या. तीन कोऱ्या. मागच्या डाव्या दाराची घडी ओढताना फाटली, इतकी भिजलेली, आणि कडेला पिवळसर डाग.

१६ ऑगस्ट, शनिवार

दिवसभराचं काम. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि पंधरा मिनिटं थांबले. सीटखालचे पिवळे प्लग एअरबॅगचे आणि सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. ते चालू विजेवर काढायचे नाहीत, आणि सुटलेले असताना चावीही फिरवायची नाही. ज्याला याचा भरवसा नाही त्याने सीट काढायचं काम गॅरेजमध्येच करून घ्यावं. मी काकांना सोबत बोलावलं होतं.

पुढची डावी सीट चार बोल्टांवर होती. ती बाहेर ठेवली. उंबऱ्याची पट्टी काढली, कार्पेट मागून पुढे दुमडलं. आणि ते दिसलं.

गादी गडद तपकिरी, भिजून जड. मुठीत धरून दाबली तर बोटांमधून पाणी निथळलं. तिच्या खालच्या अंगाला काळ्या ठिपक्यांची नक्षी. खालच्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंज धरायला सुरुवात. ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने अडीच लिटर पाणी निघालं. अडीच लिटर पाण्यावर आम्ही महिनाभर बसून फिरत होतो.

पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. सीटच्या रुळाजवळ, कार्पेटच्या पाठीवर तळहाताएवढा एक कडक पापुद्रा होता, पांढुरका, कडेला पिवळा. नखाने खरवडला आणि नाकाशी नेला. आंबूस, खवट, घशाशी येणारा. आईने ३ तारखेला कागदावर लिहिलेला तोच. कुबट वासाखाली तो दबून होता, आणि पाण्याने भिजून पुन्हा पुन्हा जिवंत होत होता.

दादाला फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "अगं हो, चिनूची दुधाची बाटली सांडली होती एकदा. वरून पुसलं होतं मी." त्याला दोन वर्षं झाली.

१७ ऑगस्ट, रविवार

पाणी येतं कुठून? सुकवण्याआधी हे सापडायलाच हवं, नाहीतर मेहनत वाया.

मी आत टॉर्च घेऊन, आई बाहेर पाण्याची नळी घेऊन. धार जोराची नाही, पावसासारखी. खालून सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं, प्रत्येक जागी पाच मिनिटं. आधीच वरून ओतलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. आत पत्र्यावर आणि उंबऱ्यावर खडूची पूड भुरभुरवली होती.

चाकाची कमान, कोरडं. उंबरा, कोरडं. पुढची काच, छत, मागची काच, सगळं कोरडं. मग आईने मागच्या डाव्या दाराच्या काचेवर धार धरली. चौथ्या मिनिटाला खडूच्या पुडीत एक बारीक काळी रेघ उमटली, दाराच्या आतल्या पॅडच्या खालच्या कडेतून निघून उंबरा ओलांडून आत जाणारी. मी आतूनच ओरडले, "आई, सापडलं! धार तिथेच धर!"

दाराबद्दल एक गोष्ट मला यापूर्वी ठाऊक नव्हती. दाराच्या पोटात पाणी जाणं हा बिघाड नाही. काचेच्या रबरापाशी पाणी थोडं आत उतरतंच, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून पॅडच्या मागे एक पातळ पडदा असतो, काळ्या चिकट ब्यूटाइल रबराच्या पट्टीने चारी बाजूंनी चिकटवलेला. पॅड काढलं (हँडलमागे एक स्क्रू, खालच्या कप्प्यात दोन, बाकी क्लिपा) आणि पडदा खालच्या कडेला वीतभर सुटलेला होता. दादाला आठवतं, काचेच्या मोटारीसाठी हे दार एकदा उघडलं होतं. तेव्हा पडदा परत नीट दाबला गेला नसणार. भर म्हणजे तळाची दोन भोकं मातीने बुजलेली. पाणी दारात साठायचं आणि सुटलेल्या कडेवरून आत यायचं.

भोकं वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या टायच्या टोकाने मोकळी केली. जुना चिकट थर खरवडून पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, नवी ब्यूटाइल पट्टी लावून पडदा अंगठ्याने इंच इंच दाबत गेले. पुन्हा पंधरा मिनिटं धार. खडूची पूड पांढरी राहिली. पाणी दाराच्या तळातून बाहेर, जिथून जायला हवं तिथूनच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर सुकवणं, लिहिण्यासारखं फार नाही. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, म्हणून पंखा दिवसरात्र. काळे ठिपके पडलेला गादीचा भाग, साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर, कापून टाकून दिला. सच्छिद्र वस्तूत खोल गेलेली बुरशी धुऊन निघत नाही, तिथे कंजुसी नको. कापताना मास्क आणि हातमोजे. कार्पेट सौम्य साबणाने धुतलं. गाडीतला आर्द्रतेचा काटा ८४ टक्क्यांवरून ५५ वर आला.

कुबट वास गेला. आणि अपेक्षेप्रमाणे आंबूस वास आता एकटा, स्पष्ट येतोय. आई म्हणाली, "आता लपायला जागा नाही त्याला."

२३ ऑगस्ट, शनिवार

दूध. दुधातली चरबी फुटली की ब्यूटिरिक आम्ल सुटतं. खवट लोण्याचा वास त्याचाच, आणि नावही लोण्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलंय. आम्ल आहे, म्हणून खाण्याचा सोडा त्याच्यावर चालतो : दोघांचं मीठ बनतं आणि मीठ हवेत उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत पोचत नाही. मी गुरुवारी रात्रीच सोडा भुरभुरवून ठेवला होता. काल वास निम्मा होता. आज पुन्हा होता तेवढाच. कारण सोडा वरच्या आम्लाला धरतो, धाग्यांच्या मुळाशी असलेली चरबी आणि प्रथिनं तशीच राहतात आणि नवं आम्ल तयार होत राहतं. मूळच काढायला हवं.

म्हणून एन्झाइमचं क्लीनर, लायपेज आणि प्रोटिएज दोन्ही असलेलं. एक चरबी तोडतं, दुसरं प्रथिनं. दूध जितकं खोल गेलं तितकंच खोल हे जायला हवं, त्यामुळे नुसतं फवारून उपयोग नाही, कोमट पाण्यात कालवून डाग पूर्ण भिजवला. मग वर प्लॅस्टिक अंथरून १२ तास. सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. उकळतं पाणी किंवा वाफ वापरायची नाही, प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि एन्झाइमही मरतं. त्याच्या आधी जंतुनाशक ओतलं तरी तेच.

व्हिनेगर इथे निरुपयोगी, आम्लावर आम्ल. ते लघवीच्या अमोनियासारख्या वासांवर चालतं. आणि व्हिनेगर व ब्लीच कधीही एका जागी नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद गाडीत तर फारच वाईट.

२४ ऑगस्ट, रविवार

प्लॅस्टिक काढलं. पापुद्रा मऊ लगदा झाला होता, व्हॅक्यूमने ओढून निघाला. स्वच्छ पाणी दोनदा शिंपडून ओढलं. सीटचा रूळही पुसला, त्याच्या खाचेत सुकलेलं दूध होतं, कापसाच्या काडीने काढलं. वास २. दुसरी फेरी लावली.

२७ ऑगस्ट, बुधवार

दुसऱ्या फेरीनंतर सुकून ०. दोन दिवस वाट पाहिली, परत आला नाही. पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर आणि रंग.

३० ऑगस्ट, शनिवार

जोडणी. गादीचा नवा तुकडा, कार्पेट, पट्टी, सीट. बोल्ट काकांनी आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने आवळले, सीटच्या बोल्टांना अंदाज चालत नाही. पिवळे प्लग आधी, बॅटरीची तार शेवटी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला, तसाच विझायला हवा.

सीटखाली सक्रिय कोळशाची एक पिशवी ठेवली. एका ग्रॅम कोळशाच्या पोटातली छिद्रं उलगडली तर शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग भरतो, उरलेसुरले रेणू तो धरतो. ही पिशवी मी महिन्यापूर्वीही ठेवू शकले असते. तेव्हा तिच्यासमोर अडीच लिटर पाणी आणि दोन वर्षांचं दूध होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोन रात्री जोराचा पाऊस. उंबऱ्याखालच्या चारही घड्या कोऱ्या, कुरकुरीत. आर्द्रता ५२. गाडीखाली एसीचं पाणी ठिबकतंय. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा ठेवायला लागले, कॉइल सुकते.

७ सप्टेंबर, रविवार

गाडी रात्रभर बंद. सकाळी आईला कोरा कागद दिला, तेच ११ चौकोन. मी लांब उभी राहिले. तिने वेळ घेतला, प्रत्येक जागेनंतर बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. दहा जागांवर शून्य. मागच्या डाव्या दारापाशी परत गेली, पुन्हा हुंगलं.

"कुबट नाही. आंबूस नाही. पण इथे काहीतरी आहे. नव्या रबरासारखं."

ती ब्यूटाइलची पट्टी. मी सांगितलं, दारात मीच लावली आहे, वास हळूहळू जाईल. तिने मान हलवली, आकडा लिहिला आणि कागद माझ्या हातात देऊन त्याच दाराने आत बसली.

मागचं डावं दार : १, रबर.